टाकीतले चौसष्ट किलो

मुंगीच्या घरात तोंडापेक्षा हात जास्त बोलायचे. वडील कागदाच्या गिरणीत रद्दीचे गठ्ठे उचलायला होते. पाठ त्यांची दुखायची आणि मार बाकीच्यांना बसायचा. दार उघडायला उशीर झाला, मार. दार लवकर उघडलं, म्हणजे खिडकीत उभी होतीस का, मार. एकदा शेजारचा माणूस अंगणात मोठ्याने हसला म्हणून आईच्या कानाखाली आवाज निघाला होता. दादा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला तेव्हा एका संध्याकाळी त्याने वडिलांचा उठलेला हात हवेतच धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांचे पुढचे दोन दात पाडले. वडील दात मुठीत घेऊन भिंतीला टेकून खाली बसले. त्या दिवसापासून घरात मारायचा मान दादाकडे गेला, दुसऱ्या घरांत किल्ल्यांचा जुडगा जातो तसा.

मुंगी अंगाने इतकी बारीक होती की दादानेच तिला हे नाव ठेवलं. तिने लहानपणीच ओळखलं होतं, की या घरात जो दिसतो त्याला मार बसतो, त्यामुळे न दिसण्यात शहाणपण आहे. ती कपाटामागे बसून अभ्यास करायची. गणित चांगलं होतं. शाळेतल्या बाईंनी तिला संगणकाच्या वर्गाला घाला असं सांगितलं तेव्हा वडील हसले. दादा हसला नाही. कुठूनतरी एक जुनाट संगणक त्याने खांद्यावर टाकून घरी आणला. तो कुणाचा, त्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. पेटीच्या कडेला वाळलेलं रक्त होतं. मुंगीने ते ओल्या फडक्याने पुसलं आणि तार भिंतीत लावली.

तिथून तिचं बरं चाललं. शिकली, आणि वडील जिथे गठ्ठे उचलत झिजले त्याच गिरणीच्या मालकाकडे कामाला लागली. पण गिरणीत नाही. गिरणी शहराबाहेर, माळावर. मालकाचं ऑफिस शहरात, तिसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. तिथल्या मागच्या खोलीत एक टेबल, एक फिरती खुर्ची, भिंतीतून आलेली एक निळी तार आणि मुंगी. गिरणीतल्या लहानमोठ्या यंत्रांवर तिकडचा एक संगणक नजर ठेवायचा, आणि त्या संगणकाला मुंगी इथून हुकूम सोडायची. चित्र नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. ती एक ओळ टाइप करायची, आणि तिकडे माळावर एखादा पंप थांबायचा, पट्टा सरकायला लागायचा किंवा प्रिंटर खडखडायचा.

आईला हे पटायला वेळ लागला.

"म्हणजे तू बसून नेमकं करतेस काय?"

"हुकूम सोडते."

"कुणाला?"

"तिकडच्या यंत्राला."

"आणि ते ऐकतं?"

"ऐकतं. नाही ऐकलं तर का नाही ऐकलं ते सांगतं."

"मग या घरातल्यांपेक्षा बरं म्हणायचं," आई म्हणाली आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

मुंगीची कामाची एक शिस्त होती. टेबलाखाली तिने आणखी एक छोटा संगणक ठेवला होता. गिरणीतल्या संगणकाची हुबेहूब प्रत, फक्त त्याला यंत्रं जोडलेली नव्हती. कुठलाही हुकूम ती आधी याच्यावर चालवून बघायची. इथे सगळं सरळ झालं की मगच तीच ओळ तिकडे. गिरणीतल्याचं नाव तिने ठेवलं होतं 'थोरला', टेबलाखालच्याचं 'धाकटा'. पडद्यावर दोघांच्या दोन खिडक्या, दोन्ही काळ्या, दोन्ही एकाच मापाच्या. आपण कुणाशी बोलतो आहोत हे कळायला एकच खूण. ओळीच्या सुरुवातीला बारीक अक्षरांत नाव येतं. धाकट्याच्या जागी थोरल्याला हुकूम गेला तर काय होईल, या धास्तीने ती दर वेळी एंटर दाबायच्या आधी ते नाव बोट ठेवून वाचायची.

दादा त्याच मालकाकडे होता, पण त्याचं काम वेगळं होतं. कामगार गडबड करायला लागले की दादाला बोलावणं यायचं. तो आणि त्याचा मेव्हणा आठदहा पोरं घेऊन जायचे आणि गडबड मिटायची. कुणाचं मनगट, कुणाची बरगडी. घरी आल्यावर दादा हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचा आणि मुंगीला विचारायचा, "काय मुंगे, आज यंत्रांनी ऐकलं का?" ती मान हलवायची. दोघं एकाच मालकाचं मीठ खातात, आणि दोघांचंही काम दुसऱ्याला ऐकायला लावायचं आहे, हे तिला कळत होतं आणि आवडत नव्हतं.

मग गिरणीत संप झाला.

आठवडाभर लगद्याची टाकी बंद होती. ही टाकी म्हणजे गिरणीचं पोट. दोन पुरुष उंचीची लोखंडी टाकी, वरून उघडी, तळाला माणसाच्या हाताएवढी पाती. पाणी आणि रद्दी आत पडते, पाती फिरतात आणि अर्ध्या तासात पुठ्ठ्याच्या खोक्याची पेज होते. टाकीच्या पायांखाली वजनाचे काटे बसवलेले आहेत. आत किती माल पडला ते थोरल्याला कळतं, आणि थोरल्याकडून मुंगीला. संपकऱ्यांनी टाकीच्या मुख्य खटक्याला कुलूप घातलं होतं. ती फिरली नाही तर पुढचं काहीच हलत नाही.

रविवारी सकाळी दादाची पोरं कुलूप तोडायला टाकीघरात शिरली. मुंगीने सुट्टी असूनही ऑफिस उघडलं होतं, कारण मालकाचं तसं फर्मान होतं. तिला दिसत काहीच नव्हतं. पडद्यावर ओळी येत होत्या तेवढंच. कुलूप निघालं. मग टाकीजवळच्या बटणांच्या पेटीचा संपर्क तुटला, म्हणजे कुणीतरी ती पेटी फोडली. मग ब्लीचिंगच्या ड्रमची पातळी भराभर खाली येऊन शून्य झाली. तो ड्रम आडवा झाला की काय होतं हे वडिलांकडून तिने ऐकलं होतं. डोळे आणि घसा जळतो, श्वास अडकतो, जो तो बाहेर पळतो. मारणारेही आणि मार खाणारेही.

या ओळींच्या गर्दीत टाकीच्या वजनाच्या आकड्याकडे तिचं लक्ष अर्ध्या तासाने गेलं. आठवडाभर तो शून्य होता. आता तिथे चौसष्ट होतं.

मुंगीने धाकट्यावर तीच ओळ चालवली, शून्य. थोरल्यावर, चौसष्ट. ती बघत राहिली. त्रेसष्ट. पासष्ट. चौसष्ट. रद्दीचा गठ्ठा पडला असता तर आकडा एका जागी बसला असता. हा आकडा थरथरत होता. आत काहीतरी कूस बदलत होतं.

तिने फोन उचलला तेवढ्यात दार उघडलं. दादा. शर्ट खांद्यावर फाटलेला, डोळे लालभडक, हातात लोखंडी कांब.

"फोन ठेव."

"दादा, टाकीत माणूस पडलाय."

दादाने तिच्या हातातून फोन घेतला, जमिनीवर टाकला आणि टाच दिली. टेबलावरच्या फोनची तार एका हिसक्यात उपटली. "आता बोल."

"टाकीत माणूस आहे. वजन बघ. चौसष्ट किलो."

"पाणी असेल."

"पाणी नाही, पाण्याची नळी बंद आहे."

"मग रद्दी."

"रद्दी हलत नाही, दादा. हे बघ. हलतंय."

दादाने वाकून पाहिलं. पासष्ट, चौसष्ट, चौसष्ट. "वारा असेल," तो म्हणाला.

"टाकीत वारा?"

"तुला त्या लोकांचा पुळका आहे," दादा म्हणाला. "बापाने त्यांच्याबरोबर गठ्ठे उचलले ना, म्हणून. गेटवर बसलेत ते सगळे. माझी पोरं मागच्या शेडमध्ये बसून खोकतायत. बटणाची पेटी त्यांनी फोडली, म्हणजे तिथून टाकी सुरू होत नाही. इथून होते. एकदा ती फिरली, आवाज गेटपर्यंत गेला, की त्यांना कळेल आत काम सुरू झालं. संपलं सगळं. मी मालकाला शब्द दिलाय. लाव."

"एकाला वर चढून आत बघून यायला सांग. बघू दे, मग लावते."

"त्या धुरात कोण जाणार? तू जातेस?"

"जाते. घेऊन चल."

दादाने कांब टेबलावर आडवी मारली. पेनं उडाली, चहाचा कप फुटला. "मुंगे, मी तुला विचारायला आलो नाही."

ती उठून संगणकाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. लहानपणापासून ती कधी कुणाच्या मध्ये उभी राहिली नव्हती. दादालाही ते नवीन होतं. क्षणभर तो बघतच राहिला. मग त्याने तिच्या केसांना धरून तिला टेबलावर वाकवलं. टेबलाचा खण उघडा होता. त्याने तिचा डावा हात त्यात घातला आणि गुडघ्याने खण बंद केला.

आवाज वाळकी काटकी मोडावी तसा आला, एकामागे एक. मुंगी ओरडलीच नाही, तिच्या तोंडून फक्त हवा बाहेर पडली. दादाने खण उघडला, आत बघितलं आणि पुन्हा लावला.

"आता लावशील?"

"नाही."

"उजवा राहिलाय अजून."

"मोड. मग कोण टाइप करणार?"

हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने तिच्या तोंडात मारली. ती खुर्चीवर पडली, खुर्ची फिरली आणि भिंतीला जाऊन थडकली. ओठ दातांवर फाटला. दादाने स्वतःचा फोन काढला आणि इंजिनियर साहेबांना लावला. साहेब संप सुरू झाल्यापासून परगावी होते आणि तिथून सल्ले देत होते.

"साहेब, ही ऐकत नाही. तुम्ही सांगा, मी दाबतो." त्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि खुर्ची आणायला वळला.

तेवढाच वेळ होता. मुंगीने उजवा हात लांबवला आणि दोन बटणं एकदम दाबली. एक काळी खिडकी मागे गेली आणि दुसरी पुढे आली. थोरला गेला, धाकटा आला. ती फोनकडे वाकून म्हणाली, "साहेब, टाकीत माणूस आहे. चौसष्ट किलो दाखवतंय."

 मग साहेबांचा आवाज आला, "ते काटे कधीकधी चुकतात हो."

"हे चुकत नाहीये, साहेब."

"मला मालकांनी सांगितलंय," साहेब म्हणाले. "मी इथे लांब बसलोय. मी काय बघणार?"

दादाने तिला बाजूला ढकललं आणि बसला. त्याचं लक्ष आकड्याकडे गेलं. शून्य. तो हसला. "हे बघ. कुठे गेला तुझा माणूस? उडाला?"

 मोडलेला हात तिने पोटाशी धरला होता आणि त्यातलं रक्त कुर्त्यावर उतरत होतं. तिची धडपड एवढीच होती, की दादाने ओळीच्या सुरुवातीचं ते बारीक नाव वाचू नये.

साहेब एकेक अक्षर सांगत गेले आणि दादा एका बोटाने कोंबडी दाणे टिपते तसा टाइप करत गेला. पहिल्या खेपेला संगणकाने हा हुकूम ओळखीचा नाही असं कळवलं.

"काय म्हणतंय ते?"

"मध्ये जागा सोडली नाही तुम्ही. जागा सोडा."

"कुठे सोडू? सगळी भरली आहे."

"अहो, खाली लांब पट्टी आहे ना, ती एकदा दाबा."

दुसऱ्या खेपेला जमलं. धाकट्याने त्याच्या सवयीप्रमाणे विचारलं, खात्री आहे का. दादाने हो दाबलं. टेबलाखालच्या डबीत काहीच हललं नाही, आणि पडद्यावर ओळ उमटली: टाकी चालू.

"झालं," दादा म्हणाला. उठला. तिच्या हाताकडे बघून त्याने तोंड वाकडं केलं, जणू तो हात तिने स्वतःच मोडून घेतला होता. "एवढ्याशा गोष्टीसाठी. बस इथे. दुपारी आईला पाठवतो, दवाखान्यात घेऊन जाईल." त्याने बाहेरून कडी घातली. जिन्यावरून त्याचा आवाज खाली जाताना तिला ऐकू येत होता. मेव्हण्याला फोन लावत होता तो. "आवाज आला का? येईल, थांब जरा. मी येतोय."

आवाज येणार नव्हता. मेव्हणा तसं सांगेल, दादा साहेबांना विचारील, आणि साहेबांचा पहिला प्रश्न असेल, ओळीच्या सुरुवातीला काय नाव होतं. साहेब भित्रे होते, मठ्ठ नव्हते. दादा फार तर शहराच्या वेशीपर्यंत जाईल आणि परत फिरेल.

 मुंगीने थोरल्याला पुढे आणलं. चौसष्ट. टाकी सुरू करायचा हुकूमच पुसून टाकावा असं तिच्या मनात आलं, पण तो अधिकार साहेबांनी स्वतःकडे ठेवला होता. रविवार. इमारतीत चिटपाखरू नाही, टायरचं दुकान बंद. खिडकीला जाळी, खाली मागची बोळ. खोलीतून बाहेर पडायला एकच वाट होती, ती निळी तार.

गिरणीच्या गेटवर म्हातारे रखवालदार, सगळ्यांचे गेटकाका, बसत त्या खोलीत ट्रकच्या पावत्या छापायचा एक प्रिंटर होता. त्याला मराठी अक्षरं येत नसत. मुंगीने फोनवर लिहितात तसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. टाकीत माणूस आहे, काढा, मशीन सुरू करणार आहेत. एका हाताने, एकेक बटण शोधत. मग थोरल्याला सांगितलं, मी थांब म्हणेपर्यंत हेच छापत राहा.

बस. पुढे करण्यासारखं काही नव्हतं. पावत्या निघतायत की कागद अडकलाय, गेटकाका खोलीत आहेत की बाहेर संपकऱ्यांत जाऊन बसलेत, काही कळायला मार्ग नव्हता. तिच्याकडे फक्त आकडा होता. ती त्या आकड्याशी बोलायला लागली. पासष्ट झाला की म्हणायची, हं, हलत राहा. चौसष्ट झाला की म्हणायची, मग पुन्हा हल. नंतर तो चौसष्टवर बसला आणि उठेचना. ओळीमागून ओळ, चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. मुंगीने पडद्यावर तळवा मारला. "ए," ती म्हणाली, "झोपू नकोस."

खाली मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

जिन्यावर पावलं वाजली. पहिला मजला. आणि त्याच वेळी आकडा उसळला. एकशे चाळीस.  दोनशे नऊ. दुसरा मजला. तिला आधी समजेना, मग समजलं. आत माणसं उतरली होती. कुणीतरी पावती वाचली होती. आता टाकीत एक नाही, तीन जण होते, पात्यांवर उभे, आणि दादाला तो हुकूम आता तोंडपाठ होता.

कडी सरकली.

तिने तार भिंतीतून ओढली. एका हाताने निघेना. तिने पाय भिंतीला लावला, तार मुठीभोवती गुंडाळली आणि मागे पडली. तार तिच्याबरोबर आली. पडद्यावर दोनशे नऊ तसंच राहिलं, पुढची ओळ आली नाही.

"धाकटा," दादा दारातून म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "साहेब म्हणाले धाकटा होतं का. मी म्हटलं, असंच काहीतरी होतं. मला खेळण्यावर बसवलंस तू. मेव्हण्यासमोर, मालकासमोर. आण ती तार."

मुंगीने तारेचं टोक तोंडात घातलं आणि चावलं. त्या टोकाला प्लॅस्टिकचं एवढंसं बूच असतं. दाढांखाली ते फुटलं. दादाने लाथ घातली, ती बरगडीत बसली. दुसरी पाठीत. तिने अंगाचं मुटकुळं केलं आणि चावत राहिली. त्याने कांब उचलली. पहिला तडाखा डाव्या खांद्यावर आला आणि तो हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा गळून पडला. त्याने तिच्या गालात बोटं खुपसून जबडा उघडला, रक्तात माखलेलं बूच बाहेर काढलं, पँटला पुसलं आणि भिंतीतल्या खाचेत घालायला गेला. बसेना. चेपलेलं होतं. त्याने अंगठ्याने दाबलं, तळव्याने ठोकलं.

"काय तोडलंस तू यात?"

"तीन माणसं आहेत आता," मुंगी जमिनीवरून म्हणाली. शब्द नीट निघत नव्हते. "दोनशे नऊ किलो. बघ की वर."

"गप्प बस."

"बघ ना, दादा. वाचता येतं तुला."

त्याने तिच्यावर कांब उगारली आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. तो वाजत राहिला. शेवटी कांब तशीच वर धरून त्याने डाव्या हाताने फोन कानाला लावला. "काय आहे?"

पलीकडून येणारा आवाज घुमत होता, विहिरीतून यावा तसा. मुंगीलाही तो ऐकू येत होता.

"दादा, मशीन लावू नकोस." मेव्हणा धापा टाकत होता, मधूनच खोकत होता. "ऐकतोयस का? मी टाकीत उभा आहे. मी आणि गेटकाका. इथे एक जण पडलाय, गठ्ठ्यावरचा आहे. आम्ही त्याला दोराने बांधतोय. दादा? मशीनला हात लावू नकोस. लावलं नाहीस ना?"

 कांब अजून वरच होती. त्याने ती खाली घेतली.

"ते लोक पाणी लावलेली फडकी तोंडाला बांधून आत घुसले," मेव्हणा सांगत होता, "आम्ही काठ्या घेऊन मागे धावलो, तर म्हातारा शिडीवरून ओरडतोय, आत माणूस आहे, मग मारा आम्हाला. म्हटलं बघू तरी. दादा, तू कुठे आहेस? साहेब म्हणत होते तू मशीन लावायला परत गेलास. मला फोन न करता? मी इथे असताना?"

"मला काय माहीत तू आत असशील," दादा म्हणाला.

"मुंगी सांगत होती ना म्हणे, आत माणूस आहे म्हणून. साहेबांनीच सांगितलं आत्ता."

दादाची नजर पडद्यावरच्या दोनशे नऊवर गेली.

"जिवंत आहे का विचार," मुंगी म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"विचार."

"जिवंत आहे का तो?" दादाने फोनमध्ये विचारलं.

"आहे. पाय पार गेलाय. शिव्या देतोय, म्हणजे आहे. आता फोन ठेवतो, दोर ओढायचाय. आणि दादा, तू इकडे येऊ नकोस. पोरं ऐकून आहेत सगळं. मी थांबवू नाही शकणार त्यांना." फोन बंद झाला.

दादाने कांब भिंतीला लावून उभी केली. ती घसरून पडली, त्याने पुन्हा उभी केली. मग मुंगीला उठवायला वाकला. तिने पायाने त्याचा हात झिडकारला. टेबलाचा पाय धरून, मग खुर्ची धरून, मग भिंत धरून ती स्वतः उभी राहिली. जिना उतरताना ती दर पायरीला थांबत होती आणि दादा तिच्यामागे दोन पायऱ्या सोडून उतरत होता. तिची एक चप्पल खोलीत राहिली होती, ती त्याच्या हातात होती. रस्त्यावर तिने रिक्षाला हात केला. तो पुढे झाला तेव्हा ती रिक्षावाल्याला म्हणाली, "हे माझ्याबरोबर नाहीत. चला." चप्पल त्याच्या हातातच राहिली.

सरकारी दवाखान्यात तिची चार बोटं आणि खांदा बांधेपर्यंत संध्याकाळ झाली. तेव्हाच स्ट्रेचरवरून एका माणसाला आत आणलं. पाय फळीला बांधलेला, अंग पांढऱ्या लगद्याने माखलेलं, डोळे सुजून मिटलेले. पन्नाशीचा असेल. तो वॉर्डबॉयला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, दुसरा बूट कुठे आहे, नवीन होता. मुंगीने त्याला नीट बघून घेतलं. तो तिला ओळखत नव्हता, आणि ओळख करून द्यावी असं तिला वाटलं नाही.

आई आली, डोक्यावरून पदर घेऊन, घाबरलेली. बाकावर तिच्या शेजारी बसली आणि तिचा चांगला हात हातात घेऊन कुजबुजली, "कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेव, बाळा. तुझ्या दादाला दोन पोरं आहेत."

"ठरवलंय," मुंगी म्हणाली.

हवालदार आला तेव्हा त्याने खुर्ची ओढली, पेन झटकलं आणि विचारलं, "मारलं कुणी?"

मुंगीने दादाचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पत्ता सांगितला. नातं सख्खा भाऊ, हेही सांगितलं. हवालदाराचं पेन थांबलं. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग मुंगीकडे.

"बघा बाई, घरातली गोष्ट आहे. नीट विचार करून सांगा."

"तुम्ही लिहा," मुंगी म्हणाली. "मी सावकाश सांगते."